आधी 'बेंदराच्या दुसऱ्या दिवशी' ही तारीख लिहिता येऊ द्या

प्रश्न: ऑनलाइन इंटरॅक्टिव्ह टाइमलाइन बनवायच्या टूलमध्ये कोणती नवी फीचर्स यायला हवीत? आणि शाळेच्या प्रोजेक्टशिवाय त्याचा आणखी कशाला उपयोग होईल?

नकाशे, व्हिडिओ, एआयने आपोआप टाइमलाइन करून देणं, हे सगळं येतच आहे आणि येत राहील. माझ्या मते त्यातलं काहीही आधी नको. तारीख नक्की माहीत नसेल तर ती तशीच लिहिता आली पाहिजे आणि पडद्यावर तशीच दिसली पाहिजे. एवढं आधी करा. २०२५ च्या मे महिन्यात नेमकं याच्यावरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं इतकं वाजलं की महिनाभर आम्ही कामापुरतंच बोलत होतो.

आमच्या वडिलांचा, अण्णांचा, अमृतमहोत्सव १ जूनला होता. रविवार आला होता, दादाने हॉल घेतला होता, दोनशे माणसांचं जेवण सांगितलं होतं. अण्णांच्या आयुष्याची टाइमलाइन करून पडद्यावर दाखवायचं काम माझ्याकडे होतं. गुगल शीटमध्ये एकेक ओळ भरायची आणि टूल त्याच्या स्लाइड करून देतं, हा प्रकार तुम्हाला माहीत असेलच. मी पहिल्याच ओळीवर अडले. जन्म.

कागदावर अण्णांचा जन्म १ जून १९५० चा आहे. ज्यांच्या घरात त्या पिढीची माणसं आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. पोराला शाळेत घालायला नेलं, गुरुजींनी जन्मतारीख विचारली, ती कुणालाच सांगता आली नाही. शाळा जूनमध्ये सुरू होते, पोराला सहा वर्षं पूर्ण पाहिजेत, म्हणून गुरुजींनी १ जून टाकली. आमच्या घरात अण्णा, दोन चुलते आणि मामा असे चौघे १ जूनचे आहेत. आपल्याकडे दरवर्षी ३१ मेला सरकारी कर्मचाऱ्यांची रांगच्या रांग निवृत्त होते ती यामुळेच, कारण एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो असा नियम आहे. अण्णाही ३१ मे २००८ लाच निवृत्त झाले.

आजी मात्र कायम एकच सांगायची. "गांधीबाबाला मारलं तवा हा माझ्या पोटात हुता. बेंदराच्या दुसऱ्या दिशी झाला." बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण. २००१ साली मी कॉलेजात असताना हे तिच्या तोंडून वहीत उतरवून घेतलं होतं. वही अजून माझ्याकडे आहे. गांधीजींची हत्या ३० जानेवारी १९४८ ला झाली आणि त्यानंतर सातारा जिल्ह्यात गावोगाव ब्राह्मणांची घरं जाळली गेली. आमच्या गावातल्या वाड्याचा जाळ आजीने माळवदावर उभं राहून पाहिला होता. चार महिन्यांची पोटुशी होती, धुराच्या वासानं दोन दिवस अन्न गेलं नाही, हे ती प्रत्येक वेळी सांगायची. मग अण्णा १९५० चे कसे? ते १९४८ च्या पावसाळ्यातलेच.

महिना कोणता, यात अडचण आहे आणि ती मी मान्य करते. अण्णा पहिलटकरणीचं बाळ, बाळंतपण माहेरी झालं, आणि आजीचं माहेर जतकडचं. सीमेकडच्या त्या भागात कर्नाटकी बेंदूर असतो, ज्येष्ठी पौर्णिमेला. १९४८ साली ती पौर्णिमा २१ जूनला होती. आमच्याकडचा बेंदूर आषाढातला, म्हणजे त्या वर्षी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातला. आजी कोणत्या बेंदराबद्दल बोलत होती हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. याची मला अजून चुटपुट आहे. पण म्हणून एवढंच होतं की अण्णांचा जन्म २२ जून किंवा त्याच्या महिनाभर पुढचा. दोन वर्षांचा फरक त्यातून निघत नाही.

दादाचं म्हणणं, "आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, ती काय तारीख सांगणार? दाखल्यावर आहे तेच खरं." हे वाक्य मला अजून सहन होत नाही. बाळंतपणाला गुरुजी हजर नव्हते, आजी होती. तिने आकडा सांगितला नाही, पण कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर ते सांगितलं आणि पन्नास वर्षांत एकदाही बदललं नाही. शिवाय अण्णांनी १९७१ च्या मार्चमधल्या लोकसभा निवडणुकीत पहिल्यांदा मत दिलं, हे ते स्वतः सांगतात. तेव्हा मताचं वय २१ होतं. दाखल्याप्रमाणे त्यांना एकविसावंही पुरं झालं नव्हतं. मतदार यादी करणाऱ्यांना घरातल्यांनी जे वय सांगितलं ते आजीच्या हिशेबाने होतं. दादा म्हणाला, यादीत काय कुणीही काहीही सांगतं. मग दाखल्यात वेगळं काय झालं होतं?

आता टूलचं. मी जन्माच्या ओळीत नुसतं साल भरलं. आधी सवयीने '१९४८' देवनागरीत टाकलं तर टूलला तो आकडाच वाटला नाही. इंग्रजी आकडे टाकल्यावर घेतलं, आणि महिना रिकामा म्हणून ठिपका थेट १ जानेवारीला नेऊन ठेवला. पडद्यावर अण्णा आधी जन्मले आणि गांधीजींची हत्या नंतर झाली. आजीच्या सांगण्यातली जी एक गोष्ट शंभर टक्के पक्की होती, नेमकी तीच उलटी झाली. मग मी सुरुवात २२ जून आणि शेवट २२ जुलै असं भरलं, तर महिनाभराची पट्टी आली, जशी अण्णांच्या नोकरीची किंवा बहात्तरच्या दुष्काळाची यावी तशी. एखादी गोष्ट महिनाभर चालणं वेगळं आणि या महिन्यात कुठल्यातरी एका दिवशी घडणं वेगळं. टूलला हा फरक कळत नव्हता.

काही टूल्समध्ये दाखवायच्या तारखेचा वेगळा रकाना असतो. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या नाइट लॅबच्या टाइमलाइनजेएसमध्ये आहे. त्यात 'बेंदराच्या दुसऱ्या दिवशी' असं अक्षरी लिहिता येतं आणि ते चांगलंच आहे. पण ती वाचण्यापुरती सोय झाली. ठिपका कुठे बसायचा ते शेवटी आकड्यांवरच ठरतं.

आणि हे अवघड आहे असं मला कुणी सांगू नये. जोसेफ प्रीस्टली या इंग्रज विद्वानाने १७६५ साली सुमारे दोन हजार माणसांच्या आयुष्यांचा तक्ता छापला, प्रत्येक माणूस म्हणजे एक आडवी रेघ. जिथे जन्ममृत्यूची साल नक्की नव्हती तिथे त्याने रेघेला टिंबं दिली. बघणाऱ्याला एका नजरेत कळतं की इथे खात्री नाही. ताम्रपटावर कोरून छापायच्या काळात त्याला हे जमलं. वेबवर एमआयटीच्या सिमिले प्रकल्पाने २००६ च्या सुमारास जी टाइमलाइन काढली तिच्यात लवकरात लवकरची आणि उशिरात उशिराची सुरुवात अशा दोन तारखा देता यायच्या आणि मधला अनिश्चित भाग फिकट रंगात दिसायचा. तारखेपुढे 'अंदाजे' आणि 'शंकास्पद' अशा खुणा कशा लिहायच्या याचं तर २०१९ पासून आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानकच आहे, क्रमांक ८६०१ चा दुसरा भाग. विकिडेटा हा विकिपीडियाच्या जोडीचा खुला माहितीसाठा प्रत्येक तारखेबरोबर ती दिवसापर्यंत पक्की आहे, वर्षापर्यंत की शतकापर्यंत, हे साठवतो. म्हणजे पाया तयार आहे. साध्या माणसाच्या हातात येणाऱ्या टूल्सनी तो वापरायचा आहे.

त्याच्या जोडीला 'याच्या आधी, त्याच्या नंतर' असा संबंध लावता यावा. आपली जुनी माणसं तारखांनी नाही, घटनांनी बोलतात. माझ्या आत्याचं लग्न सुकडीच्या वर्षी, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात झालं, धाकटे काका कोयनेच्या भूकंपाच्या वेळी रांगत होते. भूकंपाची तारीख पक्की आहे, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. तिला काकांची ओळ बांधता आली तर टूल स्वतःच सांगेल की त्यांचा जन्म साधारण त्या वर्षातला, आणि दाखल्यावरची १ जून १९६५ तिथे बसत नाही. शके आणि तिथी भरायची सोय हवी, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. नुसते ७८ मिळवून भागत नाही, शके पाडव्याला बदलतो. गांधीजींची हत्या शके १८६९ मधली आणि अण्णांचा जन्म १८७० मधला, इसवी साल दोन्हींचं एकच.

टाइमलाइनला आपल्याकडे शकावली हा शब्द पहिल्यापासून आहे. जेधे घराण्याकडून लोकमान्य टिळकांना मिळालेली जेधे शकावली १९१६ मध्ये छापून आली. तिच्यात शिवजन्माची तिथी शके १५५१ मधली फाल्गुन वद्य तृतीया अशी निघाली, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. तोवर १६२७ धरत होते आणि पुढेही कितीतरी वर्षं लोक दोन्ही बाजूंनी भांडले. छत्रपतींच्या जन्मतारखेबाबत दोन नोंदी शेजारी ठेवून तपासायला इतिहासकारांना कमीपणा वाटला नाही, तर आमच्या अण्णांच्या बाबतीत एक नोंद पुसूनच का टाकायची?

पुसूनच टाकली, म्हणून लिहितेय. मी दोन ओळी केल्या होत्या. जून १९५६: 'शाळेत नाव घातलं, दाखल्यावर जन्म १ जून १९५०.' आणि त्याच्या आधी: '१९४८, बेंदराच्या दुसऱ्या दिवशी जन्म, आजीच्या सांगण्यावरून.' शीट दादाच्या हातात होती. त्याने आदल्या रात्री जन्माची ओळ काढून टाकली. हॉलमध्ये टाइमलाइन थेट १९५६ ला सुरू झाली. अण्णा पुढच्या खुर्चीवर होते. दोन स्लाइड गेल्यावर मागे वळून मला म्हणाले, "जन्माचं कुठाय गं?" मला काही बोलता आलं नाही. घरी जाताना गाडीत मी सगळं सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आई खोटं कशाला बोलंल."

म्हणून दुसरं फीचर: एकाच घटनेला दोन नोंदी शेजारीशेजारी लावता याव्यात, प्रत्येकीखाली कुणी सांगितलं ते. आणि सामाईक टाइमलाइनमधून कुणी ओळ काढली तर ती बघणाऱ्याला रिकामी जागा म्हणून दिसावी, कारणासकट. शीटला बदलांचा इतिहास असतो हे मला माहीत आहे. हॉलमध्ये बसलेल्या माणसाला तो दिसत नाही.

उपयोगांचं विचारलंत, तर माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा उपयोग जमिनीच्या कागदांचा. सातबाराचे फेरफार क्रमाने लावून बघा. वारसनोंद कधी झाली आणि माणूस गेला कधी, यात आमच्याकडे एका ठिकाणी अकरा वर्षांचं अंतर निघालं. म्हणून प्रत्येक ओळीला दोन तारखा हव्यात, घडलं कधी आणि नोंदलं कधी. अण्णांचा दाखलाही तसाच वाचायचा. तो १९५६ साली गुरुजींनी काय लिहिलं याचा पक्का पुरावा आहे, १९५० साली काय झालं याचा नाही. धरणाखाली गेलेल्या गावांच्या आठवणी आणि लांबलेल्या आजारपणाचा डॉक्टरांना दाखवायचा क्रम, यांनाही टाइमलाइन चांगली लागू पडते.

टाइमलाइनजेएसवालेच सांगतात की वीसच्या वर स्लाइड नेऊ नका. ते समारंभासाठी बरोबर आहे, घरासाठी नाही. माझ्या शीटमध्ये सध्या १४० ओळी आहेत. लोकांसमोर वीस दाखवते आणि बाकीच्या घरात ठेवते.

एक सांगायचं राहिलं. नोकरीत असलेल्या माणसाची खरी जन्मतारीख अशी उघड्या लिंकवर टाकू नका. कागदावर एक आणि बाहेर एक दिसली की नसती चौकशी मागे लागू शकते. दादाला अण्णांच्या पेन्शनची काळजी होती, त्या काळजीला मी नाव ठेवत नाही. लिंक घरापुरती ठेवली असती तर चाललं असतं. आणि सांगोवांगीच्या सगळ्याच गोष्टी खऱ्या नसतात. आजीच्याच सांगण्यातल्या दोन ओळी मी तपासून काढून टाकल्या आहेत, पण का काढल्या ते तिथे लिहून ठेवलंय.

जन्माची ओळ मी परत घातली आहे. दादा हे वाचेल. दादा, जतच्या मामीआजी अजून आहेत, त्यांना एकदा फोन करून विचार की त्यांच्याकडे तेव्हा बेंदूर कधी करायचे. मी सध्या २२ जून ते २२ जुलै लावून ठेवलंय. त्या जे सांगतील ते तू तुझ्या हाताने भर, आणि खाली त्यांचं नाव घाल.