डिझेल एसयूव्ही घेताना: पैसा की स्टिअरिंगची मजा?

आधी ऑन-रोड आकडा, म्हणजे टॅक्स-विमा धरून एकूण किंमत, मांडा. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या डिझेल गाडीला वैयक्तिक नावावर १५ टक्के रोड टॅक्स लागतो, म्हणजे ६० लाखांच्या गाडीवर ९ लाख. कंपनीच्या नावावर घेतली तर आणखी जास्त. १ टक्का टीसीएस (गाडी घेताना डीलर वसूल करतो तो आयकर) मात्र रिटर्न भरताना वळता होतो.

आता चालवण्याचं. शोरूमभोवतीच्या चकरेत काहीच कळत नाही. सोलापूर-पुणे हायवेवर ताशी ८० वरून १२० पर्यंत वेग नेत ओव्हरटेक करून बघा, मग तुळजापूरच्या घाटात वळणावर बॉडी किती झुकते ते पाहा. शेवटी एखाद्या खराब गल्लीत ताशी २० ने, तेही मागच्या सीटवर बसून. २० इंची चाकं दिसतात झकास, पण टायरची भिंत बुटकी असल्यानं खड्ड्यात टायर फुगतो, रिम वाकते. १८ इंची घ्या. रन-फ्लॅट टायर (पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे) असतील तर चाल अजून कडक लागते, शिवाय बऱ्याचदा स्टेपनी नसते.

बजेट ताणायचंच असेल तर अडॅप्टिव्ह सस्पेन्शनवर (रस्त्याप्रमाणे मऊ-कडक होणाऱ्या) ताणा, मोठ्या स्क्रीनवर नको. सोलापूरच्या मे महिन्यात व्हेंटिलेटेड सीट (आतून हवा खेळवणारी) म्हणजे चैन नव्हेच!

आणि रोजचं चालणं सात रस्ता ते होटगी रोड एवढंच असेल तर डिझेल घेऊच नका. छोट्या फेऱ्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, पुरेसा तापत नाही, काजळी जळून न जाता साचते, डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागतो.