‘शकतो’ म्हणजे दरवेळी ‘कॅन’ नव्हे

प्रश्न : ऑफिसच्या ग्रुपवर मी लिहिलं, ‘इट कॅन रेन हेवीली टुनाइट, प्लीज लीव्ह अर्ली’. साहेबांनी ‘कॅन’ काढून ‘मे’ घातलं. मराठीत आपण ‘पाऊस पडू शकतो’ असंच म्हणतो ना? मग चुकलं कुठे?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : मराठीतलं ‘शकणं’ एकटं तीन कामं करतं. ‘ती पोहू शकते’ ही कुवत झाली, ‘तुम्ही आत येऊ शकता’ ही परवानगी आणि ‘आज पाऊस पडू शकतो’ हा अंदाज. पहिल्या दोन्हींना ‘कॅन’ चालतं. एका ठरावीक वेळेबद्दल अंदाज करायचा असेल तर मात्र ‘मे’, ‘माइट’ किंवा ‘कुड’ लागतं.

गंमत म्हणजे ‘इन जुलै इट कॅन रेन फॉर डेज’ हे वाक्य अगदी बरोबर आहे, कारण तिथे आज रात्रीचा अंदाज केलेला नाही, जुलैचा स्वभाव सांगितलाय. म्हणून मराठी वाक्यात आधी ‘कदाचित’ घालून बघा आणि मग ‘कधीकधी’. ‘कदाचित’ बसलं तर ‘मे’ किंवा ‘माइट’, ‘कधीकधी’ बसलं तर ‘कॅन’. नकारात तर अर्थच पालटतो. ‘इट मे नॉट बी ट्रू’ म्हणजे कदाचित खरं नसेल. ‘इट कान्ट बी ट्रू’ म्हणजे खरं असणं शक्यच नाही.

प्रश्न : सोसायटीच्या नोटिशीत मी लिहिलं, ‘मेंबर्स हू हॅव पेड ऑनलाइन मस्ट नॉट कम टु द ऑफिस’. काही सभासद चिडले. मला फक्त ‘त्यांना यायला नको’ एवढंच सांगायचं होतं.
– सोसायटीच्या सचिव, चेंबूर

उत्तर : सभासदांनी वाचलं ते बरोबरच वाचलं. ‘मस्ट नॉट’ म्हणजे सक्त मनाई, ‘येऊ नये’. ‘मस्ट’ आणि ‘हॅव टु’ होकारात जवळजवळ सारखे वाटतात, म्हणून नकारातही सारखेच असतील असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो. ‘डोंट हॅव टु कम’ म्हणजे येण्याची गरज नाही, आलात तरी हरकत नाही.

नोटिशीत ‘नीड नॉट कम’ लिहा. इथे ‘नीड’ स्वतःच मोडल, म्हणजे ‘कॅन’, ‘मस्ट’सारखं साहाय्यक क्रियापद, असल्याने पुढे ‘टु’ येत नाही, ‘नीड नॉट टु कम’ चूक. ‘डोंट नीड’ लिहिलंत तर मात्र ‘टु’ हवाच.

आणखी एक ध्यानात ठेवा. सक्तीच्या अर्थाने वापरलेल्या ‘मस्ट’ला भूतकाळ नाही. ‘काल मला थांबावं लागलं’ याचं इंग्रजी ‘आय हॅड टु स्टे’. ‘ही मस्ट हॅव स्टेड’ म्हणजे ‘तो थांबला असणार’, हा तर्क झाला. त्याचा नकारही ‘मस्ट’ने करू नका. ‘तो निघाला असणं शक्य नाही’ याला ‘ही कान्ट हॅव लेफ्ट’ म्हणावं.

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम’ यातला पहिला ‘वुड’ बाई दरवेळी कापतात. ती हट्टाने तेच लिहिते.
– एक पालक, दादर

उत्तर : हा हट्ट नव्हे, ती मराठीतून विचार करतेय. ‘मला माहीत असतं, तर मी आलो असतो’ यात ‘असतं’ दोन्हीकडे आहे, म्हणून ‘वुड हॅव’ही दोन्हीकडे पडतं. तिला मराठी वाक्य कागदावर लिहून ‘तर’पाशी उभी रेघ मारायला सांगा. रेघेच्या डावीकडे ‘हॅड’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप, उजवीकडे ‘वुड हॅव’ आणि तिसरं रूप : ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम’. अशी दहा-बारा वाक्यं झाली की रेघेची गरज उरत नाही. अमेरिकन बोलण्यात दोन्हीकडे ‘वुड’ कानावर पडेल, पण पेपरात गुण जातील.

बोलताना ‘हॅव’ आखडून ‘अव्ह’ होतं, त्यामुळे मुलं ‘वुड ऑफ’, ‘शुड ऑफ’ लिहितात. वहीत तेही तपासा.

प्रश्न : ‘आय कुड कॅच द फास्ट लोकल यस्टरडे’ बरोबर का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : नाही. भूतकाळात एकदाच साधलेल्या गोष्टीला ‘वॉज एबल टु’ किंवा ‘मॅनेज्ड टु’ वापरतात. गाडी चुकली असेल तर ‘कुडन्ट कॅच’ बिनधास्त लिहा, नकाराला ही अट नाही. ‘कॅन एबल टु’ मात्र कुठेच चालत नाही. एक तर ‘कॅन’, नाही तर ‘अॅम एबल टु’.