बिघाड झाल्यावरही विमान घिरट्या का घालते?

प्रश्न : मुलाला भेटण्यासाठी आम्ही दोघे नागपूरहून प्रथमच विमानाने निघालो. थोड्याच वेळात ‘तांत्रिक बिघाडामुळे परतत आहोत’ अशी घोषणा झाली. पण विमान बराच वेळ आकाशातच फिरत राहिले. सौ. फार घाबरली होती. अशा वेळी तातडीने का उतरवत नाहीत?
— एक शेतकरी वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्या सौभाग्यवतींची भीती स्वाभाविक होती आणि वैमानिकांनी चार शब्द अधिक सांगितले असते तर बरे झाले असते. आग किंवा धूर असेल तर विमान शक्य तितक्या लवकर उतरवतातच. एरवी एक वैमानिक केवळ विमान उडवतो, म्हणजे वेग, उंची आणि दिशा यांवरून नजर हटवत नाही. दुसरा त्या बिघाडासाठी छापलेली कृतिसूची मोठ्याने वाचत एकेक गोष्ट तपासतो आणि इंजिन बंद करण्यासारखी कृती दोघांनी खात्री केल्याशिवाय होत नाही. शिवाय उड्डाणानंतर इंधनामुळे विमानाचे वजन उतरण्याच्या मर्यादेहून जास्त असू शकते. एअरबस ए३२० सारख्या विमानांत इंधन हवेत सोडण्याची सोय नसल्याने ते जाळूनच कमी करावे लागते.

कामाची ही वाटणी फार मोठी किंमत मोजून आली आहे. २९ डिसेंबर १९७२ रोजी अमेरिकेतील मायामीजवळ ईस्टर्न एअर लाइन्सच्या विमानाचे पुढचे चाक उघडल्याची खूण देणारा हिरवा दिवा लागला नाही. कॉकपिटमधील सर्वांचे लक्ष त्या दिव्यात गुंतले असताना स्वयंचलित यंत्रणेने उंची धरून ठेवणे सोडले, हे कोणाच्याच ध्यानी आले नाही आणि विमान रात्रीच्या अंधारात हळूहळू खाली येत दलदलीत कोसळले. शंभराहून अधिक माणसे गेली. चाक व्यवस्थित उघडलेले होते. जळाला होता तो फक्त बल्ब!

घिरट्यांनाही मर्यादा हवी. १९७८ मध्ये अमेरिकेतच पोर्टलँडजवळ युनायटेड एअरलाइन्सचे विमान चाकांच्या शंकेपायी इतका वेळ फिरत राहिले की त्याचे इंधनच संपले. त्यानंतर, धोका दिसताच सहवैमानिकाने वरिष्ठाला निःसंकोच टोकावे, असे प्रशिक्षण रूढ झाले.

पुन्हा असा प्रसंग आलाच, तर धावपट्टीलगत अग्निशमन गाड्या पाहून घाबरू नये. त्या खबरदारी म्हणून बोलावतात. पट्टा बांधलेला ठेवावा आणि तातडीने बाहेर पडण्याचा आदेश झाल्यास मुलासाठी नेलेली तूरडाळीची पिशवीसुद्धा तिथेच सोडून निघावे.