वाचकांचे प्रश्न : जुन्या बंदुकीचा फिरता चोक

प्रश्न : आजोबांची अमेरिकी बनावटीची एकनळी बारा बोअर बंदूक आता माझ्या परवान्यावर आली आहे. नळीच्या तोंडाशी खुणा कोरलेला फुगीर गोळा आहे. तो फिरायला हवा म्हणतात, पण हलत नाही. पाईपपाना लावू का? (वाचक, पाटण)

उत्तर : पाईपपाना लांबच ठेवा. तुमच्या वर्णनावरून हा पॉली-चोकच्या जातीचा फिरता चोक दिसतो, म्हणजे फिरवून नळीचं तोंड कमी-जास्त अरुंद करायचा भाग. कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर काम करणाऱ्याला 'कॉलेट' म्हटलं की याची रचना लगेच कळेल. आत उभ्या चिरा पाडलेल्या पोलादी पाकळ्या असतात आणि त्यांच्यावर आट्यांची बाही. बाही आवळली की पाकळ्या आत दबतात, तोंड अरुंद होतं आणि छर्रे जास्त अंतरापर्यंत एकत्र राहतात. बाहीचा पत्रा पातळ असतो. पान्याने ती लंबवर्तुळी दबते आणि आतली पाकळी तडकते. असा चोक पुन्हा वापरायच्या लायकीचा राहत नाही.

तो अडकतो चिरांमुळे. बार काढल्यावरची काजळी, शिशाचा लेप आणि प्लास्टिकच्या वॉडचे (काडतुसात दारू आणि छर्रे यांच्यामधल्या बुचाचे) तुकडे तिथे साठतात, त्यावर पाटणचा पावसाळा बसतो. निवडणुकीत महिना-दीड महिना जमा राहिलेली बंदूक परत आली की आधी इथेच बघावं.

बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळी सुटी काढा. बाही आत्ता कुठे आहे ते पेन्सिलीच्या रेघेने टिपून ठेवा. नळी तोंड खाली करून उभी ठेवा, म्हणजे तेल मागे उतरणार नाही. चिरांमध्ये गंज सोडवणारं पातळ तेल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी बाहीला चामड्याचा पट्टा गुंडाळून हातानेच फिरवा. आधी जेमतेम अर्धा मिलिमीटर पुढे, मग मागे. सुटली नाही तर आणखी दोन रात्री तेल द्या. सुटल्यावर नायलॉनच्या ब्रशने आणि बांबूच्या टोकदार काडीने चिरा साफ करा. करड्या पापुद्र्यासारखं निघतं ते प्लास्टिक. शेवटी कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा नुसता हात फिरवा. ग्रीस लावू नका. त्यात काजळी मिसळली की महिन्याभरात त्याची पेस्ट होते.

नंतर नळी उजेडाकडे धरून आतून पाहा. चोकच्या जोडाजवळ कड्यासारखी सावली दिसली, तर तिथे नळी फुगलेली आहे. मग बार काढायचा नाही. दुरुस्तीचा परवाना असलेल्या गनस्मिथकडेच जा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो.

प्रश्न : खुणेवर 'फुल' आहे, पण खरंच तेवढा चोक बसतो का? आणि बार खाली जातो, तो का? (वाचक, जत)

उत्तर : कोरलेल्या खुणेवर विश्वास ठेवू नका. बारा बोअरचा व्यास १८.५ मिमी धरतात, पण जुन्या नळ्या त्याहून कमी-जास्त निघतात आणि चोक म्हणजे नळी व तोंड यांच्या व्यासातला फरक. साधारण ०.२५ मिमी फरक म्हणजे इम्प्रूव्हड सिलिंडर, अर्धा मिमी म्हणजे मॉडिफाइड, १ मिमीच्या आसपास फुल. खरा निकाल कागदावरच लागतो. परवानगीच्या चांदमारीवर ४० यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, चार फुटी कागद लावा. आधी बार, मग दाट भागाभोवती ७६ सेंमीचं वर्तुळ. आधी वर्तुळ काढून त्यावर नेम धरण्याची चूक बहुतेक जण करतात. ब्रिटिश मापाच्या ६ नंबरचे ३२ ग्रॅम म्हणजे सुमारे ३०४ छर्रे. त्यातले १८३ आत पडले तर ६० टक्के, म्हणजे मॉडिफाइड. फुलला ७० टक्के हवेत. एका बारावर काही ठरवू नका, निदान पाच तरी काढा.

बार खाली जाण्याचं कारण बहुधा माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा मणी. जाड चोकवर ती उंच बसते, ती नजरेच्या रेषेत आणताना नळीचं तोंड खाली जातं. सगळे बार एकाच बाजूला जात असतील तर मात्र चोकच तिरका बसवलेला असण्याची शक्यता आहे. त्याला घरगुती इलाज नाही.

प्रश्न : जुन्या विलायती दुनळीला असाच चोक बसवून मिळेल का? (वाचक, शिराळा)

उत्तर : नाही. दोन्ही नळ्या एकमेकींना चिकटून आहेत, गोळा बसायला जागाच नाही. त्यासाठी नळी कापणं तर दूरच; नळी आखूड करायला कलम ६ खाली वेगळा परवाना लागतो. त्यापेक्षा नळीच्या बुडाखालचे शिक्के वाचा. 'नॉट फॉर बॉल' असेल तर ती नळी १८७५ ते १८८७ च्या काळातली आणि चोक केलेली आहे. तिच्यातून गोळी मारायची नाही. चेंबरही, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, मोजून घ्या. अशा बंदुकांचं ते बहुधा ६५ मिमीचं असतं. काडतुसावरचा ७० मिमी हा आकडा बार झाल्यावर उघडलेल्या नळकांड्याचा असतो, त्यामुळे मिटलेल्या तोंडाचं ७० मिमीचं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये सहज बसतं आणि माणूस फसतो. उडताना त्याचं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं आणि दाब वाढतो. नळीवर दमास्कसची (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या जुन्या नळीवर दिसते ती) वेलबुट्टी असेल तर आजचं काडतूस लावूच नका.

प्रश्न : फिरत्या चोकातून एकच गोळी चालते का? (वाचक, वाई)

उत्तर : चोक पूर्ण उघडा ठेवूनच. आवळलेल्या पाकळ्यांतून गोळी नाही, आणि एसजी-एलजीसारखे मोठे छर्रेही नाहीत.