वाळूत गाडी न्यायचीय? हवा सोडा, पण पट्टाही बघा

प्रश्न: नवीन फोर बाय फोर घेतलीय, सुट्टीत बीचवर चालवायचा विचार आहे. मित्र म्हणतो टायरमधली हवा कमी कर, बाकी काही लागत नाही. एवढंच पुरतं का? आणि रुतली तर काय करायचं?

उत्तर: मित्र अर्धं बरोबर सांगतोय. पण आधी तिथे गाडी न्यायला परवानगी आहे का ते बघा, कित्येक किनाऱ्यांवर साफ बंदी असते, मग विषयच संपला.

परवानगी असेल तर हवा साधारण १८-२० पीएसआयवर आणा. टायर लांबट पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि गाडी तरंगल्यासारखी जाते. मात्र झटक्यात वळू नका, टायर रिमवरून निसटतो. डांबरी रस्त्यावर यायच्या आधी हवा परत भरायची, म्हणून छोटा कॉम्प्रेसर जवळ असू द्या.

आता खरा मुद्दा, गाडी कुठून चालवायची. भरतीचं पाणी जिथवर येतं तिथे शेवाळ-काटक्यांची रेघ पडलेली असते, त्या रेघेच्या खालच्या ओल्या घट्ट वाळूच्या पट्ट्यातूनच जा. वरची कोरडी वाळू मऊ तर असतेच पण कासवं अंडी घालतात ती तिथेच, आणि वरून काही म्हणजे काही दिसत नाही. चिखल्या पक्ष्याची अंडी तर वाळूच्याच रंगाची. कासवाचं पिल्लू जेमतेम ५ सेंटीमीटरचं, टायरच्या खोल चाकोरीत पडलं की तिथल्या तिथे फिरत राहतं, समुद्र गाठेपर्यंत खेकडे-पक्षी उचलतात. रात्री तर नकोच, हेडलाइटच्या उजेडाकडे पिल्लं वळतात. मर्यादवेलीने (किनाऱ्यावर पसरणाऱ्या वेलीने) धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्यांवर गाडी चढवून रील काढणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, वेल तुटली की वाळू वाऱ्याने उडायला लागते एवढंच सांगतो.

ओहोटी पूर्ण व्हायच्या आधी दोनेक तास उतरा, कारण ओहोटी संपल्यावर साधारण ६ तासांत भरती पूर्ण होते आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तुमचा पट्टाच पाण्याखाली जातो.

रुतली तर? चाक जागेवर फिरायला लागलं की लगेच ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. सगळे नेमकी जास्त रेस देतात आणि गाडी पोटावर बसते. चाकांपुढची-मागची वाळू उपसा, हवा १२-१५ पर्यंत आणा आणि आलात त्याच चाकोरीतून हळू रिव्हर्स घ्या. दोर लावायचा तर चॅसीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) टो हुकला, टो बॉलला म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला कधीच नाही, तो तुटला तर गोळीसारखा सुटतो. निघताना खड्डे बुजवा, आणि घरी आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा, त्याच दिवशी.