पगार नको, आधी गृहकर्ज बघा

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत एवढी भरभराट झाली, काळ्या कामगारांनाही कारखान्यांत बरे पगार मिळू लागले, मग गोऱ्या-काळ्यांच्या संपत्तीतली दरी का राहिली, असं तुम्ही विचारलंय. काळ्यांना बचतीची सवयच नव्हती का, असंही पुढे म्हटलंय. माझी सगळी नोकरी इथे इंदुरात बँकेच्या कर्ज विभागात झाली, त्यामुळे माझी नजर आधी कर्जाकडे जाते. आणि उत्तर तिथेच आहे.

१९४४ च्या ‘जीआय बिला’ने परतलेल्या सैनिकांना शिक्षणाची आणि घरकर्जाची सोय दिली. कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता. पण सरकार फक्त हमी द्यायचं, पैसे बँकेने द्यायचे. बँकेने अर्ज परत केला की विषय संपला! १९४७ साली मिसिसिपीतल्या १३ शहरांत अशी ३,२२९ कर्जं मंजूर झाली. त्यांपैकी काळ्या सैनिकांना २. राज्यातले जवळपास निम्मे लोक काळे होते. यात बचतीचा काय संबंध?

याची तयारी आधीच झाली होती. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे जोखमीचे नकाशे रंगवले. पाहणीच्या छापील फॉर्मवर वस्तीत काळे आहेत का, किती टक्के, असा रकानाच होता. काळ्यांच्या वस्त्या बहुतेक लाल रंगात, म्हणजे सर्वात जोखमीच्या गटात गेल्या. गृहकर्जाची हमी देणारं सरकारी खातंही मिश्र वस्ती टाळायचं. डेट्रॉइटमध्ये १९४१ साली एका बिल्डरला काळ्या वस्तीला लागून गोऱ्यांची कॉलनी काढायची होती. हमी मिळावी म्हणून त्याने मध्ये अर्धा मैल लांब, सहा फूट उंच काँक्रीटची भिंत घातली. ती आजही उभी आहे.

पगार, पेन्शनमध्येही अन्याय होताच; १९३५ च्या सोशल सिक्युरिटी या सरकारी पेन्शन योजनेतून शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते, आणि त्यांत काळे मोठ्या संख्येने होते. पण घराचं नुकसान पिढ्यान्‌पिढ्या चालतं. आपल्या इंदूरच्या रामबागेत आजोबांच्या घराची रजिस्ट्री तारण ठेवून नातवाचं शिक्षण होतं, पुढे त्यावरच धाकट्याचं दुकान उभं राहतं. ज्याच्याकडे रजिस्ट्रीच नाही, त्याने तारण काय ठेवायचं?

१९६८ च्या कायद्याने घरविक्रीतला भेदभाव बंद केला, तोवर उपनगरांतली स्वस्त घरं विकली गेली होती. २०२२ मध्ये गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती (निम्मी कुटुंबं याच्या वर, निम्मी खाली) २,८५,००० डॉलर, काळ्या कुटुंबाची सुमारे ४५,०००. उत्पन्नातली तफावत याहून बरीच कमी आहे. म्हणून कोणी नुसते पगाराचे तक्ते दाखवले, तर घरमालकीचे आकडेही मागून घ्या.