रिमोटची तार सोडवूनही अँप्लिफायरचा फ्यूज का उडतो?

प्रश्न : माझ्या गाडीच्या डिकीत चार चॅनेलचा अँप्लिफायर बसवलेला आहे. गेल्या महिन्यात गाडीची बॅटरी बदलली, त्याच दिवशी तो बंद पडला. आता त्यावरचा ३० अँपिअरचा फ्यूज बसवला की लगेच उडतो. रिमोटची तार (स्टिरिओकडून येऊन अँप्लिफायर चालू करणारी) सोडवून पाहिली, तरी तेच. गॅरेजमध्ये ६० अँपिअरचा फ्यूज घालून पाहण्याचा सल्ला मिळाला आहे. तसे करावे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ६० अँपिअरचा फ्यूज कृपया घालू नका. बॅटरीपासून डिकीपर्यंत येणारी जाड तार कार्पेटखालून येते, आणि फ्यूज वेळेवर उडाला नाही, तर तापते ती तारच. बॅटरीजवळ, साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत, या तारेला वेगळा फ्यूज आहे ना, हेही याच निमित्ताने पाहून घ्या.

रिमोटची तार सोडवून पाहिलीत, हे उत्तम केलेत, कारण निम्मे निदान तिथेच झाले. रिमोट जोडल्यावरच फ्यूज उडत असता, तर संशय प्रथम आउटपुट ट्रान्झिस्टरांवर गेला असता. रिमोटशिवाय आतला पॉवर सप्लाय सुरूच होत नाही. तरीही फ्यूज उडतो, त्या अर्थी १२ व्होल्टच्या प्रवेशापाशीच शॉर्ट आहे. बॅटरी बदलताना क्षणभर जरी उलटी जोडली गेली असेल, तरी हे घडू शकते. अनेक अँप्लिफायरमध्ये प्लस आणि ग्राउंड यांच्यामध्ये एक जाड डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो. उलट्या जोडणीत तो सगळा करंट स्वतःवर घेऊन फ्यूज उडवतो आणि बऱ्याचदा स्वतः कायमचा शॉर्ट होऊन बसतो.

अँप्लिफायर गाडीतून काढून टेबलावर उघडा आणि मल्टिमीटर बझरवर ठेवून या डायोडचा एक पाय सोल्डरमधून सोडवून तपासा. दोन्ही दिशांनी बझर वाजला, तर दोष सापडला. डायोड चांगला निघाला किंवा नसलाच, तर टोरॉइडजवळचे (कड्याच्या आकाराच्या ट्रान्सफॉर्मरजवळचे) मॉस्फेट, म्हणजे पॉवर सप्लायचा करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर, पाहा. ते समांतर जोडलेले असल्यामुळे बोर्डावर मोजताना एक शॉर्ट असला तरी सगळेच शॉर्ट भासतात. म्हणून एकेक काढूनच तपासावा लागतो. जळालेल्या मॉस्फेटवर पुष्कळदा बाहेरून काहीच खूण दिसत नाही. एक जरी गेला असेल, तरी त्या गटातले सगळे एकाच क्रमांकाचे नवे बसवा, आणि प्रत्येकाच्या गेटला (त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाला) जोडलेला छोटा रेझिस्टर त्यावर छापलेल्या किमतीशी ताडून पाहा. तो उघडा पडला, म्हणजे आतून तुटला असेल, तर त्याचा मॉस्फेट नीट चालू-बंद होणार नाही आणि पुन्हा तीच वेळ येईल. हीटसिंकला मॉस्फेट आवळताना अभ्रकाची विद्युतरोधक चकती आणि थर्मल पेस्ट विसरू नका, कारण चकती घालायची राहिली तर धातूची पाठ थेट हीटसिंकला टेकते.

दुरुस्ती झाल्यावर लगेच ३० अँपिअरचा फ्यूज घालून पाहू नका. दुरुस्तीच्या दुकानात जसा सिरीज बोर्ड (बल्बमधून वीज देणारा) वापरतात, तसा फ्यूजच्या जागी हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॅटचा बल्ब जोडा. बल्ब क्षणभर चमकून विझला, तर कपॅसिटर चार्ज झाले, एवढाच त्याचा अर्थ. तो पूर्ण तेजाने पेटून राहिला, तर शॉर्ट अजून आहे आणि नवे मॉस्फेटही वाचले. रिमोट बल्ब विझल्यानंतरच, स्पीकर न जोडता द्या. गाडीत परत बसवताना तारांची प्लस-मायनस आधी मल्टिमीटरने एकदा मोजून घ्या, मग बॅटरीची मायनस काढून ठेवा आणि त्यानंतरच तारा अँप्लिफायरला लावा.